जमनीकाकीचा मुकादम

गुलाम नबी टेम्पोच्या टपावर उभा होता, खाली कुत्रं बसलं होतं, आणि जमनीकाकी तोंडात पदर कोंबून बकऱ्यांच्या कोठ्याच्या दारात हसत होती. मी तांड्यात शिरले तेव्हा पहिलं दर्शन हे असं.

"बबिता, बरी आली!" नबीभाई वरून ओरडला. "तू मोर्चेवाली बाई. भल्याभल्यायले खुर्चीवरून उठवते. याले उठव!"

"काय झालं नबीभाई?"

"काय झालं म्हणजे? बोकडाचा कान धरला. नुसता कान! दात पाहाले तोंड उघडलं, तं हा कुठून आला अल्ला जाने. मी टपावर कसा चढलो ते मलेच आठोत नाही."

"मले आठोते," काकी पदर काढून म्हणाली. "वांदरावानी चढले."

टेम्पोच्या आत नबीभाईचा पुतण्या अब्रार काचा वर करून घामानं निथळत बसला होता. मे महिन्यातलं आमच्या दिग्रसकडचं ऊन म्हणजे टिनावर ठेवलेली पोळी फुगावी असं. तरी पोरगं काच खाली घ्यायला तयार नव्हतं. आणि कुत्रं? ते ना भुंकत होतं, ना दात दाखवत होतं. पुढचे पाय जोडून, मान ताठ करून, टेम्पो आणि कोठा यांच्या बरोबर मधोमध बसलं होतं. त्याच्यामागे ज्या बोकडाचा कान धरला गेला तो निवांत रवंथ करत होता.

ह्या कुत्र्याचं नाव मुकादम. नाव काकीनंच ठेवलं. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, भावसिंगकाकानं, कितीतरी हंगाम पश्चिमेकडं जाऊन ऊस तोडला. काकी म्हणायची, "आमचा मुकादम असाच होता. सोता एक मोळी उचलत नोयता, पण कोनाले फडाच्या भायेर जाऊ देत नोयता."

आता ही जमनीकाकी कोण, ते सांगते. दिग्रसहून पुसदच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला पांदण फुटते, त्या पांदणीच्या टोकाला आमचा तांडा. तांड्याच्या अगदी शेवटी, जिथून नाला आणि नाल्यापलीकडं झुडपी जंगल सुरू होतं, तिथं काकीचं बरड शेत आणि बकऱ्यांचा कोठा. बाई उंचीनं बेताची, आवाजानं तांड्याएवढी. भांडण तिला भाकरीसारखं लागतं. माझ्याशीही भांडते, आणि मी काही ऐकून घेणारी नाही, त्यामुळं आमचं जमतं.

उसाला जायचं बंद करून तिनं बकऱ्या धरल्या आणि लांडग्यांनी तिला धरलं. नाल्यातून येत आणि करडू, बकरी, जे सापडेल ते उचलून नेत. लांडगा रानातलं जनावर, त्याला संरक्षण आहे. असावं! मी त्याच्या विरोधात नाही. पण बकरीला संरक्षण कोणाचं? हा प्रश्न मी ज्याला ज्याला विचारला, त्यानं मला चहा पाजला. इतका चहा मी आयुष्यात प्यायले नाही.

शेवटी काकीनंच उत्तर शोधलं. आमच्या भागात दरसाल काठेवाडी उतरतात, उंट, गाई, मेंढ्या घेऊन. त्यांच्या वाड्यावर, म्हणजे तळावर, राजीबेन नावाची बाई आहे. तिच्या मेंढ्यांना लांडगा शिवत नाही, कारण मेंढ्यांत दांडगी कुत्री असतात. काकी तिच्याकडं गेली. दोघीही भरतकामवाल्या. आधी दोघींनी एकमेकींचे टाके पाहून नाकं मुरडली, आरसे कोणाचे चांगले यावरून तासभर वाजलं, आणि मग काकीनं कवड्या लावलेली आपली पिशवी दिली आणि राजीबेननं पिल्लू दिलं. सोबत बजावणी दिली: ह्याला माणसाचा लळा लावायचा नाही. ह्याची माय बकरी, ह्याचे भाऊ बकरीची पिल्लं. डोक्यावरून हात नाही, बाजेवर झोपवणं नाही, उगीच हाका मारणं नाही.

काकीनं पिल्लाच्या पाठीला बकरीचंच दूध चोळलं आणि नुकत्याच व्यालेल्या भुऱ्या बकरीपुढं ठेवलं. बकरीनं आधी लाथ घातली. मग हुंगलं. मग पुन्हा लाथ घातली, पण हळू. आठवडा सरायच्या आत पिल्लू करडांच्या रांगेत उभं राहून शेपूट हलवत दूध ओढत होतं. सगळा तांडा पाहायला लोटला. आणि तिथंच खरी अडचण सुरू झाली. गुबगुबीत, पांढरं, कानावर तपकिरी ठिपका असलेलं पिल्लू आणि त्याला हात लावायचा नाही! तांड्याला असं सांगणं म्हणजे लग्नात या, पण जेवू नका, असं सांगण्यासारखं. काकी दारात काठी घेऊन बसली. लेकरं हाकलली, म्हातारे हाकलले, खुद्द तांड्याच्या प्रमुखाला, आमच्या पूनमसिंग नायकाला, तिनं सुनावलं:

"नायक, हात मागं घ्या. तुमाले कुत्रं पाह्यजे तं रस्त्यावर पडेल हायेत, त्यायले गोंजारा."

सगळ्यांत जास्त त्रास तिलाच झाला. पोटभर बोलल्याशिवाय ह्या बाईचा दिवस मावळत नाही, आणि पिल्लाशी बोलायची बंदी तिनंच घातलेली. मग ती बकऱ्यांशी बोलायची. "भुरे, आज तुया पोरानं मोठा मर्दपणा केला वं. सापाले पाहून मागं नाही सरकला." भुरी चारा खायची, मुकादम कान टवकारून ऐकायचा. नियम मोडला नाही आणि कौतुक पोचलं.

मुकादम वाढला तसा उंडारला. करडांशी मस्ती करताना एकाचा कान फाडला. काकीनं त्याच्या गळ्यात द्वाड गुराला घालतात तसं लाकडाचं लोढणं अडकवलं. पळायला गेला की लोढणं गुडघ्यावर आपटायचं. महिनाभरात गडी सरळ झाला. इथपर्यंत सगळं राजीबेनच्या सांगण्याप्रमाणं. पुढचं मात्र काकीचं स्वतःचं डोकं.

होळी आली. आमच्या गोर बंजारा लोकांत होळीला धुंड असते. त्या वर्षात ज्याच्या घरी पोरगा झाला, त्याच्या दारात सगळा तांडा जमतो. खुंट्याशी गोडधोडाचं भांडं बांधतात. बाया काठ्या घेऊन त्याची राखण करतात आणि पुरुष ते पळवायला धावतात. बाया अशा मारतात म्हणता! वर्षभराचा हिशोब तिथंच चुकता होतो. शेवटी पुरुष भांडं पळवतातच आणि मग मारणारे आणि मार खाणारे एकत्र बसून खातात.

काकीच्या डोक्यात प्रकाश पडला. आपला मुकादम म्हणजे काठीवाली बाई, बकरी म्हणजे गोडाचं भांडं! होळीनंतर रोज संध्याकाळी तिनं कोठ्यापुढं हा खेळ मांडला. तांड्यातले बाप्ये घोंगड्या पांघरून चोर बनून येत, बकरीचा पाय ओढत, बकरी बोंबलली की मुकादम झेपावत असे, चोर पळे, मुकादमाला ताकात कुस्करलेली भाकर मिळे. तांड्याला तर चेवच चढला. मोबाईल बाजूला राहिले, कामाहून आले की लोक विचारत, "आज चोर कोन?" पूनमसिंग नायक स्वतः एकदा चोर झाला आणि धोतर कोठ्यात सोडून घरी गेला. नायकीणबाई तीन घरं पलीकडून हसताना ऐकू येत होत्या.

मी काकीला म्हटलं, "काकी, फारच पक्कं करून राह्यली."

"पक्कंच पाह्यजे! कच्चं काय कामाचं?"

आणि खरं सांगते, पक्कं झालंही. एकदा दिवस कलताना मी तिच्याबरोबर नाल्यावर होते. झुडपातून दोन लांडगे निघाले. बकऱ्या एका जागी गोळा झाल्या. मुकादम धावून गेला नाही. तो बकऱ्यांच्या आणि लांडग्यांच्या मधे जाऊन आडवा उभा राहिला, अंग फुगवलं आणि छातीतून असा आवाज काढला की माझ्या दातांत कंप आला. लांडगे थांबले, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. ते जिकडं वळत, तिकडं हा वळे. मग ते निघून गेले. लढाई झालीच नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत काकीची एकही बकरी गेली नाही.

गोची अशी की विकलीही गेली नाही!

पहिला फटका नायकालाच बसला. पुतण्याच्या सगाईला बोकड हवा होता. पाहुणे आलेले, मसाला वाटलेला, चुलीवर पाणी उकळत असलेलं. नायकाची माणसं कोठ्यावर गेली आणि रिकाम्या हातानं, फाटक्या कपड्यांनी परत आली. काकीनं बोकड स्वतः सोडला, दावं धरून नेला. तोवर मुकादम गप्प. दावं दुसऱ्याच्या हातात देताच त्यानं ते दातात धरलं आणि बोकडाला शाळेतून घरी आणावं तसं कोठ्यात परत आणलं. त्याला आत कोंडलं तर टिन वाकवून आला. खुंट्याला बांधलं तर खुंटा घेऊन आला. पाहुण्यांनी वांग्याची भाजी खाल्ली. मटणाच्या आशेनं आलेल्या व्याह्यासमोर वांगं ठेवणं म्हणजे काय, हे नायकाचं तोंड पाहून कळत होतं.

आणि आता बकरी ईद तोंडावर आलेली. दरसाल काकीचे बोकड घेणारा, साऱ्या दिग्रसच्या बाजारात नावाजलेला व्यापारी टेम्पोच्या टपावर.

नबीभाईला आम्ही खाली उतरवलं ते असं की काकीनं साऱ्या बकऱ्या नाल्याकडं हाकलल्या, त्यांच्यामागं मुकादम गेला, आणि नबीभाई उतरून थेट गाडीत बसला.

त्याच संध्याकाळी नायकानं बैठक बसवली.

"जमनी," नायक म्हणाला, "कुत्रं राखनीले असते. बोकड विकाच लागते. जे विकल्या जात नाही, ते राखून काय त्याचं देऊळ बांधतं?"

"लांडगे नेत होते तवा कुठी गेलते तुमी?"

"लांडगा एक नेत होता. हा तं सारेच ठेवून घेते!"

लोक हसले. काकी हसली नाही. नायकानं फैसला दिला: येत्या बाजाराच्या दिवशी नबीभाईनं घेतलेले बोकड तांड्याची शीव ओलांडून गेले पाहिजेत. गेले तर कुत्रं राहील. नाही तर काठेवाड्यांचा वाडा त्यानंतर पांढरकवड्याकडं हलणार आहे, त्यांच्याबरोबर मुकादम परत.

बैठकीत मी खूप तणतणले. मी तणतणले की लोक ऐकतात, पण ह्या वेळी नाही. घरी येताना काकी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली.

"मुकादम गेला तं लांडगे येतीन. बकऱ्या जातीन. मंग मले अन् तुया काकाले पुन्हा उसाले जा लागन, बबिता. माये गुडघे आता मोळी घेऊन गाडीवर चढत नाहीत."

सकाळी आम्ही दोघी राजीबेनच्या वाड्यावर गेलो.

राजीबेननं सगळं ऐकलं. चोरांचा खेळ ऐकताना तिचे डोळे मोठे झाले, नायकाच्या धोतराची गोष्ट येताच तिनं मांडीवर थाप मारली आणि हसून हसून उंटाच्या पायाशी बसली. मग डोळे पुसत तिच्या त्या मिसळ बोलीत म्हणाली,

"अरी बाई, चोर तो रोज दिखाया. मेहमान कभी दिखाया क्या?"

 

राजीबेन म्हणाली, आमच्याकडं व्यापारी आला की तो मेंढी ओढत नाही. वाड्यावर उतरतो, चहा पितो, मेंढ्यांत बसतो. कुत्र्याला त्याचा वास कळतो. मेंढी घाबरली नाही, ओरडली नाही, तर कुत्र्याला कशाचा राग? तुम्ही कुत्र्याला एवढंच शिकवलं की माणूस म्हणजे चोर.

परत येताना काकी अर्ध्या रस्त्यात थांबली. "धुंडीचा खेळ आपन अर्धाच शिकोला वं. मारामारी शिकोली. मंग बसून खाऊ लागते, ते राह्यलंच."

"मग आता?"

"आता काय! सोयरीक जमवाची. नबीभाईले कोठ्यात बसवाचं."

दिग्रसला नबीभाईच्या घरी गेलो. त्यानं दारातूनच हात जोडले. "बाई, बोकड नको, माफी पाह्यजे तं मीच मांगतो." पण आतून त्याची बायको जोहराबी बाहेर आली. चहा ठेवला, गोष्ट ऐकली आणि नवऱ्याकडं वळली.

"मैं बरसों से क्या बोलती? कुर्बानी के जानवर को अपने हाथ से खिलाओ, मोहब्बत करो, फिर दो. और ये! आज लाए, कल बेचे. कान पकडे, दात देखे. अल्ला ने कुत्ता भेजा तुम्हारे वास्ते."

"मेरे वास्ते?"

"तुम्हारेच वास्ते. जाओ, बैठो."

मी जिल्ह्यात पुष्कळ पुढारी पाहिले आहेत. जोहराबीसारखा एका वाक्यात सभा गुंडाळणारा एकही नाही.

दुसऱ्या दिवसापासून दिग्रसचा नामांकित बकरा व्यापारी गुलाम नबी जमनीकाकीच्या कोठ्यात बसू लागला. काकीनं अटी घातल्या. कान धरायचा नाही. उभं राहायचं नाही. आणि अत्तर! अत्तराच्या वासानं मुकादमाला अशा शिंका आल्या की करडं घाबरून एकमेकांवर पडली. तेव्हा पांढरा कुर्ता उतरला आणि भावसिंगकाकाचा बकऱ्यांच्या वासाचा जुना सदरा अंगात आला. नमाजाची वेळ झाली की नबीभाई विहिरीवर जाऊन अंग धुवी, आपले कपडे घाली, बांधावर नमाज पढे आणि पुन्हा सदरा चढवून आत येई. काकी त्याच्यासाठी बादली भरून ठेवायची. एकदा उशीर झाला तर तीच ओरडली, "नबीभाई, वखत झाला, अन् तुमी कुटार चारत काय बसले!"

बाजारात कमावलेला त्याचा आवाजही खाली आणावा लागला. कोठ्यात फोन आला की तो कुजबुजून सौदा करी. गिऱ्हाइकं जोहराबीला फोन करून विचारू लागली, भाईंची तब्येत बरी आहे ना म्हणून.

तांड्याची तर दुपार सोन्याची झाली. लोक कुंपणाबाहेर ओळीनं बसत.

"नबीभाई, आज जावाई हसला का?"

"हसला नाही, पन हुंगलं त्यानं," नबीभाई आतून हळूच सांगे. "गुडघा हुंगला."

"मंग कुंकू लावा त्याले!"

आधी मुकादम दूर बसे, नजर न हलवता. मग जवळून फेऱ्या घालू लागला. नबीभाई तळहातावर तुरीचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, धरी, बोकड येऊन खात, त्यातला एक काळा बोकड तर त्याच्या मांडीवर मान टाकून डोळे मिटू लागला. आणि एके दुपारी मुकादम आला, एक घेर घेतला आणि नबीभाईकडं पाठ करून, तोंड नाल्याकडं ठेवून, त्याच्या पायाला टेकून आडवा झाला. ज्याची भीती आहे त्याला कुत्रं पाठ दाखवत नाही. काकी कोठ्याबाहेर येऊन लग्नात नाचतात तशी नाचली. आवाज करायचा नाही हा नियम तिचाच, म्हणून मुक्यानं नाचली. ते तर आणखी भयंकर दिसत होतं.

बाजाराचा दिवस उजाडला. सगळा तांडा पांदणीवर. नायक बाजेवर, पागोटं घालून, न्यायाधीशासारखा. अब्रारनं टेम्पो आणून फळी लावली. ह्या वेळी काच खाली होती, पण हात काचेच्या दांड्यावरच.

नबीभाई कोठ्यातून निघाला. खांद्यावर कुटाराची पिशवी. त्याच्यामागं काळा बोकड, त्याच्यामागं बाकीचे. कोणाच्या गळ्यात दावं नाही. मुकादम बाजूनं चालत होता. काकीनं माझा दंड धरला होता, त्याचे वळ नंतर दिवसभर होते. काळा बोकड फळीवर चढला. मुकादमानं फळी हुंगली. दुसरा चढला. मुकादमानं आभाळाकडं पाहून जांभई दिली.

सगळे चढले. अब्रारनं फाळका लावला. एक ब्र नाही! तांड्यानं दोन्ही हातांनी तोंडं दाबून धरली. नायकानं हळूच मान हलवली.

मग नबीभाईनं पुढं जाऊन दार उघडलं आणि पायरीवर पाय ठेवला.

मुकादम उठला. सावकाश गेला. नबीभाईच्या सदऱ्याचं टोक अगदी अलगद दातात धरलं आणि त्याला पायरीवरून खाली उतरवून कोठ्याकडं घेऊन निघाला.

"अरे! अरे, मी नाही! मी बकरा नाही, लेका!" नबीभाई उलट्या पावलानं चालत कुजबुजला. ओरडायची सवय बिचाऱ्याची मोडली होती.

दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तेच. तिसऱ्यांदा दुसऱ्या बाजूच्या दारानं जाऊन पाहिलं, तेच. बोकड गाडीत शांत उभे आणि व्यापारी कोठ्यात परत! कुंपणाला धरून लोक हसत होते, काही जण खाली बसले होते. नायकाचं पागोटं सुटलं होतं.

"हे चालनार नाही," नायक डोळे पुसत म्हणाला. "फैसल्यात बसत नाही."

मी पुढं झाले. "काहून बसत नाही? अट बोकडांची होती. बोकड चढले. नबीभाईंची अट कुठी होती?"

"मंग काय नबीभाई तांड्यातच ठेवाचे?"

"राहू द्या," काकी म्हणाली. "दूध देत नाहीत, येवढंच."

तेवढ्यात नबीभाईच्या खिशातला फोन वाजला. जोहराबी. बाजार भरला, गिऱ्हाइकं दारात, तुम्ही कुठं? नबीभाई म्हणाला, "कोठे में." ती म्हणाली, "अब तक?" त्यानं कुत्र्याकडं पाहत सांगितलं, "छोड नहीं रहा." पलीकडून जोहराबी इतकी हसली की आम्हा सगळ्यांना फोनशिवाय ऐकू आलं.

पण नायक मागं हटत नव्हता. शीव म्हणजे शीव. बोकड शिवेपलीकडं गेले पाहिजेत, आणि नबीभाईला सोडून अब्रार गाडी हलवेना. वेळ चालला होता. काकीचं हसू उतरलं. ती कोठ्याच्या दारात उभी राहून विचार करत होती, आणि मला तिचा तो रात्रीचा हळू आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला.

मग तिनं कोठ्याचं फाटक पूर्ण उघडलं.

"चला वं सगळ्या! एकट्याले जाऊ देत नाही ना? मंग सारं घरच पोचवाले चला!"

बकऱ्या, करडं, भुरी, सगळा कळप पांदणीवर आला. पुढं टेम्पो, पायी चालण्याच्या वेगानं. मागं नबीभाई, त्याच्याभोवती बकऱ्या, कडेनं मुकादम. त्याच्यामागं तांडा. आणि बायांपैकी कोणीतरी ढावलो सुरू केला! आमच्यात पोरगी सासरी निघाली की तिच्या गळ्यात पडून, रडत रडत गायचं असतं ते. एकीनं सूर लावला, दुसरीनं उचलला, बघता बघता साऱ्या बाया दिग्रसच्या साठीतल्या व्यापाऱ्यासाठी नव्या नवरीचा ढावलो गाऊ लागल्या. आमच्या बापाचं घर सोडून चाललीस, आता पाणी कोण भरेल! नबीभाईनं आधी कान पकडले. मग दोन्ही हातांनी सदऱ्याचं टोक डोक्यावर घेऊन घुंघट काढला. तिथं तर काही बाया गाता गाता बांधावर लोळल्या.

शीव आली. सडकेच्या कडेला जुनी बाभूळ, खाली शेंगांचा सडा. बकऱ्या शेंगांवर तुटून पडल्या. टेम्पो शिवेपलीकडं जाऊन थांबला. नबीभाई चालत राहिला.

गाणं थांबलं.

मुकादम मधोमध उभा. एकीकडं कळप, खाली माना घालून शेंगा फोडतोय. दुसरीकडं त्याचा नबीभाई, दूर जाणारा. त्यानं तिकडं दोन पावलं टाकली. थांबला. कळपाकडं पाहिलं. एक करडू सडकेकडं भरकटत होतं. पुन्हा नबीभाईकडं पाहिलं. काकीला हाक मारायची नव्हती, त्याच्या सगळ्या आयुष्यात मारली नव्हती. तिचे ओठ मात्र हलत होते, बहुतेक भुरीशी बोलत असावी.

मुकादम वळला. भरकटलेल्या करडाला नाकानं ढकलून बाभळीखाली आणलं, शिवेवर जाऊन बसला, आणि टेम्पोचं दार लागेपर्यंत तिकडं पाहत राहिला. उठला नाही.

मग जो कालवा झाला तो मी लिहू शकत नाही. भावसिंगकाकानं उडी मारली ती बाभळीच्या काट्यावर, पण ते त्याला संध्याकाळीच कळलं. नबीभाई खिडकीतून अर्धा बाहेर येऊन आपल्या जुन्या, खणखणीत बाजारी आवाजात ओरडत होता, "जमनीबाई! सदरा माया अंगावरच राह्यला!"

"असू द्या! माहेरचा समजा!"

नायकानं पागोटं बांधलं. घसा साफ केला. "कुत्रं राहील," म्हणाला. मग आवाज उतरवून विचारलं, "जमनी, दिवायीले आमच्या घरी कार्य हाय. बोकड लागन. मलेही का कोठ्यात..."

"उद्यापासून या," काकी म्हणाली.

आणि पूनमसिंग नायक खरंच आला. मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा तो भावसिंगकाकाच्या दुसऱ्या सदऱ्यात, कुटारावर मांडी घालून बसला होता. मुकादम लांबून त्याच्याकडं टक लावून पाहत होता. नायक उठू शकत नव्हता, म्हणून बांधाच्या भांडणाचा निवाडा मागायला आलेले दोघे भाऊही कोठ्यातच येऊन बसले होते, आणि बकरी एकाच्या खिशातला कागद चघळत होती. दोघांतला थोरला तावात येऊन बोलायला लागला, तशी काकी दारातून म्हणाली,

"आवाज खाली. बोकड भ्याला तं मी जबाबदार नाही."

तो लगेच कुजबुजायला लागला.